बॉक्सिंगची ग्राउंडवाली बॅच : सातशे रुपयात पैसा वसूल, पण पंचिंग बॅगा बदला भाऊ

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी शाळेमागच्या ग्राउंडवर पत्र्याच्या शेडात बॉक्सिंगची बॅच चालते, सकाळी साडेपाच अन् संध्याकाळी सहा, महिन्याचे सातशे. मी अन् माझी लहान बहीण दोघंही जातो. एवढ्या पैशात इतकं नीट शिकवणारं इकडे दुसरं कोणी नाही.

खरी बॅच म्हणजे मंगळवार-शुक्रवारचे स्प्रिंट. बॉक्सिंगचा राउंड तीन मिनिटांचा, मधात एक मिनिट आराम, असे तीन राउंड, तं सरांनी पळणं पण तसंच बसवलं आहे. पंधरा सेकंद जीव तोडून पळा, पंधरा सेकंद हळू जॉग, तीन मिनिटं हेच चालू, मग शिट्टी. तिसऱ्या राउंडात पाय शिसे होतात अन् नेमकं तेव्हाच सर ओरडतात, "हात खाली नको सोडू बे, हनुवटी झाक!" कारण रिंगमधे पण माणूस दमला की गार्ड खाली येते अन् मार तेव्हाच बसते.

मला सगळ्यात जास्त पटलं ते आरामाचं. मधलं मिनिट संपत आलं की मानेवर नाहीतर मनगटावर बोटं ठेवून दहा सेकंद ठोके मोजायचे अन् आकडा मोठ्यानं सांगायचा, पंचवीसच्या वर गेला तं पुढचा राउंड पळायचा नाही, चालायचा. कोणी लाजून कमी आकडा सांगितला तं सर स्वतः येऊन मनगट धरतात. स्प्रिंटच्या दुसऱ्या दिवशी स्पॅरिंग, म्हणजे जोडीदारासोबतची सरावाची लढत, बंद. बाकी ठिकाणी मी पाहिलं आहे, नवीन पोट्ट्याला पहिल्याच दिवशी उलटी होईपर्यंत पळवतात अन् त्यालाच मेहनत म्हणतात. मोबाईलवर पाहून टाबाटा करणारे पण लय आहेत, वीस सेकंद काम दहा सेकंद आराम, पण ज्याच्यावरून हे आलं तो 1996 चा जपानी प्रयोग सायकलवरचा होता, तोही तयारीच्या पोरांवर, अन् सात-आठ फेऱ्यांत माणूस पार गळून जाईल इतक्या जोराचा. इथं नवीन माणसाला त्याच्या जवळ पण जाऊ देत नाहीत, हे बरोबरच आहे.

पोलीस भरतीवाले बी येतात, 1600 मीटर अन् 100 मीटरची तयारी करणारे, त्यांना तं हे फारच कामाचं. पोरी पण बऱ्याच आहेत. नागपूरच्या अल्फिया पठाणनं 2021 ला पोलंडमधे बॉक्सिंगच्या युथ वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड आणलं तिचा फोटो शेडात लावला आहे, माझी बहीण हाताला पट्टी बांधताना त्याच्याच समोर उभी राहते.

आता जे खटकते ते. बॅगांमधल्या चिंध्या खाली बसून दगड झाल्या आहेत, वरतून पोकळ, खालून मारलं की मनगट मुरगळते, अन् हे सांगून सांगून थकलो. पोरींसाठी कपडे बदलायची जागा नाही, हे तं लगेच व्हायला पाहिजे, फी पन्नास रुपये वाढवा पण करा. फर्स्ट एडची पेटी पण नाही. ग्राउंड काळ्या मातीचं, उन्हाळ्यात भेगा पडतात अन् पावसाळ्यात एक-एक किलो चिखल बुटाला, म्हणून कडेला मुरमाची पट्टी टाकली आहे, पण ती अरुंद आहे, दोघंच जण सोबत पळू शकतात.

मे महिन्यात यायचं असन तं सकाळचीच बॅच घ्या, संध्याकाळी सहाला पण पत्रा तापलेला असते. हाताची पट्टी साडेचार मीटरची आपली आपण आणा, तिथल्या सगळ्यांच्या घामाच्या आहेत.