रीडर-रायटर लॉक की साधा म्युटेक्स?

एकाच डेटावर काम करणारे थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारे प्रवाह): वाचणारे पुष्कळ, लिहिणारे मोजके. मग म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा लॉक) काढून रीडर-रायटर लॉक (वाचकांना एकत्र, पण लेखकाला एकट्यालाच आत सोडणारा) बसवावा का? आधी क्रिटिकल सेक्शन, म्हणजे लॉक धरून चालणारा कोड, किती लांब आहे ते बघा.

खर्च. रीडर-रायटर लॉकमध्ये प्रत्येक वाचक आत शिरताना आणि बाहेर पडताना एक सामायिक काउंटर ॲटॉमिक पद्धतीने (मध्ये कुणाला शिरू न देता, एका दमात) बदलतो. म्हणजे डेटा नुसता वाचला तरी लॉकची कॅश लाइन (वेगवान मेमरीतला छोटा तुकडा) लिहिली जाते आणि ती प्रोसेसरच्या एका कोअरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. आतलं काम हॅश टेबलमधली एक नोंद बघण्यापुरतं असेल, तर समांतर वाचनाचा फायदा इथेच संपतो आणि म्युटेक्स अनेकदा सरस ठरतो. लांबलचक यादी चाळायची असेल तर चित्र उलटं.

उपासमार. ग्लिबसीमधला (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) पीथ्रेडचा (थ्रेडसाठीचा प्रमाणित इंटरफेस) रीडर-रायटर लॉक मुळात वाचकांना झुकतं माप देतो. वाचकांची रीघ लागली की लेखक ताटकळतो. लेखकाला प्राधान्य देता येतं, पण मग वाचन-लॉक धरलेल्या थ्रेडने तोच पुन्हा मागितला आणि मध्ये लेखक रांगेत असला, तर दोघंही कायमचे अडकतात.

बढती, म्हणजे वाचन-लॉकवरून लेखन-लॉकवर जाणं. वाचन-लॉक न सोडता लेखन-लॉक मागितला, तर थ्रेड स्वतःच्याच वाचनाची वाट बघत बसू शकतो. आधी सोडा, मग लेखन-लॉक घ्या आणि अट पुन्हा तपासा. मधल्या वेळात दुसऱ्याने डेटा बदललेला असू शकतो. हे पुन्हा तपासणंच सर्रास राहून जातं.

छोटा सेक्शन किंवा कंडिशन व्हेरिएबलची (एखादी अट पूर्ण होईपर्यंत थ्रेडला थांबवून ठेवणारी सोय) गरज असेल तर म्युटेक्सच. वाचन लांब, लेखन विरळ आणि प्रोफायलरमध्ये (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) वाचक खरोखर खोळंबलेले दिसत असतील, तर रीडर-रायटर लॉक घ्या.