जंतुनाशक साबण, साधी वडी की डाळीचं पीठ?

वहिनीचं बाळ रांगायला लागलं आणि साबणावरून घरात दोन तट पडले. वहिनीला हवा जंतुनाशक हँडवॉश. फरशीवर सापडेल ते बाळ तोंडात घालतं. आई म्हणते, असली केमिकलं कशाला, डाळीचं पीठ लाव. निवाडा माझ्याकडे आला, कारण घरात पाकिटाची मागची बाजू वाचायची खोड मला एकटीलाच आहे.

आधी वहिनीची बाजू. 'जंतुनाशक' या शब्दाने धीर येतो हे खरं, पण त्याचे जादा पैसे मोजण्याआधी कराचीचा एक प्रयोग बघावा. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. तिथल्या गरीब वस्त्यांत काही घरांना साधा साबण दिला आणि काहींना ट्रायक्लोकार्बन हे जंतुनाशक रसायन घातलेला. हात धुवायची सवय लागल्यावर पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्याने घटला, जुलाबही जवळपास तेवढेच कमी झाले. पण दोन्ही साबणांचा गुण सारखाच आला. वस्त्या, पाणी, गर्दी सगळं आपल्यासारखंच, म्हणून मला हा दाखला अमेरिकेतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा जवळचा वाटतो. शिवाय लहान मुलांच्या सर्दी-जुलाबामागे बरेचदा विषाणू असतात, आणि ही रसायनं मुळात जिवाणूंसाठी बनवलेली.

आता आरोग्याची शंका. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, घरगुती हँडवॉश आणि अंगाच्या साबणांतून १९ घटक बाद केले. ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन त्यांतलेच. रोज, वर्षानुवर्षं वापरायला हे सुरक्षित आहेत आणि साध्या साबणापेक्षा सरस आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. ट्रायक्लोसानमुळे प्राण्यांमध्ये थायरॉइडच्या संप्रेरकांवर परिणाम दिसला होता. मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. ट्रायक्लोसान जिवाणूंच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच जातीच्या एन्झाइमवर क्षयरोगाचं आयसोनियाझिड हे औषध काम करतं. क्षयाचे इतके रुग्ण असलेल्या देशात हात धुण्यासारख्या कामासाठी जंतूंना औषधाला दाद न देण्याची ही तालीम कशाला द्यायची?

तो नियम अमेरिकेपुरता, त्यामुळे आपल्याकडे यादी वाचायची ती आपणच. क्लोरोझायलेनॉल आणि बेंझाल्कोनियम क्लोराइड या दुसऱ्या जंतुनाशक घटकांवर तेव्हा बंदी आली नाही, निर्णय पुढे ढकलला गेला. वारंवार गळवं येणं, शस्त्रक्रियेची तयारी असं काही असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर जंतुनाशक जरूर आणावं. तिथे ते औषध असतं.

आईचं डाळीचं पीठ अंगाला उत्तम. मळ आणि जादा तेल उचलतं, आणि साबणासारखं अल्कधर्मी नसल्यामुळे कोरड्या त्वचेला जाचत नाही. मात्र शौचाहून आल्यावर हात धुवायला ते चालायचं नाही. पीठ घासतं, शोषतं. पण साबण तेलकट घाण, आणि तिच्यासोबत जंतू, सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो, तसं त्याला जमत नाही. रिठा त्या मानाने खरा फेसाळ, त्यातली सॅपोनिन्स साबणाचंच काम करतात. पण रोज भिजवा, उकळा, गाळा. डोळ्यात गेलं की बाळाचा आकांत. पिठाचा डबा न्हाणीत ठेवलात तर आठवड्यात पोरकिडे.

आणि 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असंही नाही. जपानमध्ये प्रक्रिया केलेलं गव्हाचं प्रथिन घातलेल्या एका चेहऱ्याच्या साबणाने दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. तोवर ते पोळी-पाव बिनदिक्कत खात होते. म्हणून बाळाची कातडी फाटलेली, खरजेली असेल तर तिच्यावर पीठही चोळू नये, हे मी आईला जरा दबकतच सांगितलं. टी-ट्री तेलासारखी सुगंधी तेलंही काहींच्या अंगावर उठतात.

प्रदर्शनातल्या हाताने बनवलेल्या वड्यांवर 'केमिकल-फ्री' लिहिलेलं असतं, ते वाचून हसू येतं. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्याशिवाय साबणाची वडी होतच नाही. वडी चांगली मुरली की मोकळा सोडा उरत नाही, एवढंच. खोबरेल तेलाचा असा साबण छान असतो, पण किंमत तीन-चार पट.

राहिली साधी वडी. तिच्या पाकिटावर टीएफएम, म्हणजे एकूण चरबीयुक्त अंश, बघा. 'टॉयलेट सोप ग्रेड १' असेल तर तो किमान ७६ टक्के, ग्रेड २ मध्ये ७०, ग्रेड ३ मध्ये ६०. 'बाथिंग बार' हा वेगळा प्रकार, त्यात हा अंश बराच कमी चालतो. जाहिरातीतल्या ९९.९ पेक्षा मी या आकड्याला किंमत देते.

तर आमच्याकडे बेसिनवर ग्रेड १ ची बिनवासाची वडी, जाळीदार साबणदाणीत. सगळ्यांनी वीस सेकंद हात चोळायचे, भाऊसुद्धा. बाळाच्या अंगाला बहुतेक दिवशी नुसतं कोमट पाणी, तेल लावलं त्या दिवशी आईच्या हातचं पीठ. वहिनीने आधीच आणून ठेवलेली हँडवॉशची बाटली सध्या मोरीच्या फळीवर आहे. पायपुसणी धुवायला निघते अधूनमधून.