पुस्तक स्वतः काढलंय, वाचक कुठे जमवायचे? फेसबुक, प्रतिलिपी की व्हॉट्सॲप

दिवाणाखाली पाचशे प्रतींचे गठ्ठे येऊन पडले की नवा लेखक सगळीकडे एकदमच खाती उघडतो. मीही उघडली होती. नोकरी सांभाळून चार ठिकाणी रोज लिहिणं होत नाही, दोन महिन्यांत चारही ठिकाणी शुकशुकाट. तेव्हा एक जागा निवडा, फार तर दीड.

ललित, अनुभवकथन, विनोदी लिहिणाऱ्यांनी फेसबुकपासून सुरुवात करावी. हजार शब्दांचा मराठी लेख तिथे अजून शेवटपर्यंत वाचला जातो, आणि कुणी शेअर केला की आपल्या गोतावळ्याबाहेरही पोचतो. प्रोफाइलवर मित्र मात्र ५,००० वर थांबतात, पुढचे सगळे फॉलोअर. आणि पोस्ट कुणाला दाखवायची ते आपल्या हातात नसतं. ज्या भिंतीवर लेखाला चारशे लाइक पडले, तिथेच मी 'पुस्तक आलंय, किंमत २५०' असं टाकलं. 'हवंय' लिहिणारे तीस निघाले. पैसे पाठवणारे नऊ. बाकीच्यांनी अभिनंदन केलं.

प्रतिलिपीचं गणित वेगळं. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेलं हे ॲप मुळात मालिका वाचणाऱ्यांचं. प्रेमकथा, भयकथा, कौटुंबिक कादंबरी भागाभागाने टाकत राहिलात तर 'पुढचा भाग कधी?' विचारणारे वाचक मिळतात, आणि चार दिवस गायब झालात तर रागावणारेही. लिहिण्याची शिस्त लावायला याहून चांगली जागा नाही. पण तो वाचक फोनवर वाचणारा. त्याला अडीचशे रुपयांच्या छापील पुस्तकाकडे आणणं अवघड, आणि सुट्या कथा-कवितांना तिथे फारसं कुणी विचारत नाही. शिवाय तीच कादंबरी किंडलवर घालायची असेल तर एक खोच आहे. किंडलवर स्वतः ई-पुस्तक काढायची ॲमेझॉनची सोय म्हणजे केडीपी. तिच्या 'सिलेक्ट' योजनेत नाव घातलं की ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, म्हणजे प्रतिलिपीवरचे भाग काढावे लागतात. सिलेक्ट नको म्हटलं तर भारतातल्या विक्रीवर रॉयल्टी ७० ऐवजी ३५ टक्के. आधी ठरवून घ्या.

इन्स्टाग्राम कवींसाठी ठीक. चार ओळी, बरा आवाज, एक रील. कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

व्हॉट्सॲपवर नवा माणूस सापडत नाही, पण सापडलेला टिकतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. म्हणून मी प्रत्येक पार्सलमध्ये हाताने लिहिलेली चिठ्ठी घालतो : पुस्तक कसं वाटलं ते कळवा, आणि नंबर 'पुस्तकवाला' म्हणून सेव्ह करा. उत्तरं येतात. एका ताईंनी विचारलं, 'दादा, आईसाठी मोठ्या अक्षरात मिळेल का?' फेसबुकवर हे त्यांनी चारचौघांत विचारलं नसतं. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी लिस्टवर जेमतेम १८० नंबर होते, पण पहिल्या आठवड्यातली बहुतेक विक्री तिथूनच झाली. व्हॉट्सॲपच्याच चॅनेलवर आकडा मोठा दिसतो, पण तिथल्या फॉलोअरचा नंबर आपल्याला मिळत नाही, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही. ग्रुप तर काढूच नका, आठवड्यात भाजीच्या रेसिपी सुरू होतात.

लेख चोरीला जाण्याचं म्हणाल तर फेसबुक काय, व्हॉट्सॲप काय, सारखंच. फेसबुकवरचा मजकूर उचलून नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरतो आणि महिन्याभराने एखाद्या दिवंगत मोठ्या लेखकाच्या नावाने आपल्याच मावशीकडून आपल्याला येतो. त्यावर एकच तोडगा मला थोडाफार चालला : आपलं किंवा आपल्या गावाचं नाव लेखाच्या मधल्याच एखाद्या वाक्यात गुंफायचं. शेवटची ओळ सगळे कापतात, मधलं वाचून काढायचे कष्ट कुणी घेत नाही.

लिस्टवर महिन्यातून दोनदाच लिहा. रविवारी सकाळी नको, तेव्हा तुमचा निरोप सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो.