व्हर्च्युअल कोर्टाची साइट, चलानचं काम घरबसल्या

लहान भावाचं हेल्मेटचं चलान भरायचं राहिलं अन् गेलं ना कोर्टात, आई म्हणे आता वकील लावा. काही नाही भो, व्हीकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन उघडायचं, महाराष्ट्र निवडायचं, चलान नाहीतर गाडी नंबर टाकला की केस समोर. दंड भरायचा का केस लढायची ते तिथंच विचारतात, लढतो म्हटलं की मॅटर रेग्युलर कोर्टात जातं, म्हणून ते बटण विचार करून दाबा. मे महिन्यात जळगावच्या उन्हात कोर्टात चकरा मारण्यापेक्षा लाखपट बरं, माझ्याकडून ४ स्टार.

पण लोक इथं गंडतात, लायसन्स सस्पेंड असेल तर दंड भरला म्हणून ते आपोआप चालू होत नाही!! मोटार वाहन कायद्याच्या १९४डी कलमात हेल्मेटसाठी १००० दंड अन् वरून ३ महिने लायसन्स बाद असं दोन्ही लिहिलंय, अन् त्या काळात गाडी चालवताना सापडला तर १८२ कलम, १०,००० रुपये नाहीतर ३ महिन्यांपर्यंत जेल, किंवा दोन्ही. एक एजंट म्हणे दोन्ही क्लिअर करून देतो, दंडापेक्षा त्याचीच फी जास्त, लांबूनच नमस्कार केला. पावतीची पीडीएफ मात्र मोबाइलमध्ये ठेवा, नाक्यावर दाखवायला बरी पडते.