ग्रीन कार्डावरून, नागरिक होऊन, की पुण्यात परतून? दत्तकाच्या वाटा शेजारी-शेजारी ठेवून

आमच्या घरात दत्तकाचा विषय दोन ठिकाणी एकाच वर्षी निघाला. आम्ही कर्वेनगरातून जून २०१९ मध्ये 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी केली. धाकट्या दिराची फाईल म्हणजे न्यू जर्सीत बसून केलेलं एक गूगल ड्राइव्हचं फोल्डर. मधल्या काळात आमची लेक घरी आली, आता केजीत जाते. ते फोल्डर अजून फोल्डरच आहे. दर गणपतीला व्हिडिओ कॉलवर आरती झाली की प्रश्न येतो, "वहिनी, ग्रीन कार्डावरच अर्ज टाकू, सिटिझनशिप झाल्यावर टाकू, की सरळ पुण्याला येऊ?"

यंदा मी त्यांना सगळं लिहूनच पाठवलं. तेच थोडं नीट करून इथे देतेय, कारण असे दीर पुण्यात घरोघरी आहेत.

आधी एक गैरसमज. सासऱ्यांच्या पिढीतलं कुणीतरी हटकून म्हणतं, "ती क्रिकेटवाली लिसा स्थळेकर नाही का, ससूनजवळच्या 'श्रीवत्स'मधून तान्ही असतानाच गेली परदेशी!" खरं आहे, पण ती गोष्ट १९७९ची. तेव्हा परदेशी पालक १८९०च्या पालकत्व कायद्याखाली पालक म्हणून मूल नेत आणि दत्तकाचं पुढचं त्यांच्या देशात बघत. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम घातले, १९९० मध्ये कारा आली, २००३ मध्ये भारताने देशोदेशींच्या दत्तकाचा हेग करार स्वीकारला, आणि २०१५च्या बाल न्याय कायद्याने कारा वैधानिक झाली. एवढं सगळं उगाच आलेलं नाही. पुण्यातल्याच एका संस्थेचं प्रकरण सीबीआयपर्यंत गेलेलं आपण पेपरात वाचलंय. तेव्हा "ओळखीने होतं का बघ" हे वाक्य पहिल्या दिवशीच सोडा.

दिल्ली एक पासपोर्ट मोजते, वॉशिंग्टन दुसरा

दीर आणि जाऊ दोघंही आज भारतीय पासपोर्टवर आहेत, ग्रीन कार्ड हातात, नागरिकत्वाचा अर्ज पुढच्या वर्षी करता येईल. म्हणजे काराच्या लेखी ते एनआरआय. आणि एनआरआयला रांगेत आपल्याइतकाच मान आहे, कर्वेनगरातल्या जोडप्याच्या बरोबरीने. हे ऐकून दीर खूश झाला होता. "मग आत्ताच टाकतो!"

घोळ इथेच आहे. अमेरिकेत हेगच्या वाटेचे अर्ज, आधी आय-८००ए आणि मग आय-८००, फक्त अमेरिकन नागरिकालाच भरता येतात. ग्रीन कार्डवाल्याला नाही. त्याला दत्तक मुलासाठी व्हिसा मागायचा तर मूल आधी दोन वर्षं त्याच्या कायदेशीर ताब्यात आणि प्रत्यक्ष सोबत असावं लागतं. मूल भारतात, आईबाप न्यू जर्सीत, मग सोबत कुठून आणणार? कुणीतरी एकाने नोकरी सोडून दोन वर्षं इथे यायचं, हाच त्याचा अर्थ. शिवाय इकडे कारा ना हरकत देते ती तिकडच्या सरकारचं हेगच्या कलम ५ आणि १७ खालचं संमतीचं पत्र आल्यावर, आणि अमेरिकेत ते पत्र आय-८००च्याच वाटेने निघतं.

म्हणजे भारतीय पासपोर्टवर रांगेत पुढे, पण मूल नेता येत नाही. अमेरिकन पासपोर्ट घेतला की मूल नेता येतं, पण तुम्ही ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाचे परदेशी नागरिक, होता आणि रांगेत मागे जाता. कायद्याने मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर झाल्यावर पहिले साठ दिवस भारतीय आणि एनआरआय पालकांसाठीच प्रयत्न होतो. त्यात घर मिळालं नाही तरच ते परदेशासाठी खुलं होतं. पाच वर्षांवरची मुलं, भावंडांच्या जोड्या आणि दिव्यांग मुलं यांच्या बाबतीत ही अट सैल आहे.

साठ दिवसांत कोणाला घर मिळतं? तान्ह्यांना. त्यांच्यासाठी आमच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं रांगेत उभी असतात. २०२४-२५ मध्ये काराकडून ४,५१५ दत्तकं झाली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. बाहेर गेली ३६०. आकडा नीट बघा आणि मग स्वतःला विचारा, आपल्या डोळ्यांसमोर जे मूल आहे ते किती वर्षांचं आहे?

जाऊबाईंच्या डोळ्यांसमोर सहा महिन्यांचं आहे. ते तिने मला तीन वर्षांनी, फार आढेवेढे घेऊन सांगितलं.

पुण्यात राहून काय घडतं

आमचं सांगते. नोंदणी घरबसल्या झाली. पॅन, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, दोन ओळखीच्यांची पत्रं. एका रविवारात आटोपलं. मग होम स्टडी, म्हणजे घरी येऊन होणारी पालकांची पारख. समाजसेविका आल्या, कपाटं बघतील म्हणून मी आदल्या रात्री घर धुऊन काढलं होतं, पण त्यांनी कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना माणसं बघायची होती. आमचं लग्न, भांडणं, पगार, आधीचे उपचार, सगळं विचारून झाल्यावर त्या सासूबाईंकडे वळल्या, "आजी, मूल कुठल्या जातीचं, कुठल्या घरचं, काहीच कळणार नाही. चालेल?" सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दूध कितीदा पितं ते तेवढं विचारून ठेवा."

होम स्टडीचा अहवाल तीन वर्षंच ग्राह्य धरतात. आमचा नंबर लागायला तीन वर्षं पाच महिने लागले, म्हणून २०२२च्या पावसाळ्यात ती पुन्हा करावी लागली. लहान मुलासाठी तीन वर्षांच्या पुढे वाट बघायची तयारी ठेवाच.

रेफरल, म्हणजे 'हे मूल तुमच्यासाठी' असा निरोप, आलं त्या दिवशी हे हडपसरला ऑफिसात, मी बँकेत. फोटो, मुलाची माहिती आणि वैद्यकीय अहवाल. 'हो' म्हणून मूल राखून ठेवायला ४८ तास. अहवालात डोक्याचा घेर आणि वजन वयाच्या मानाने कमी होतं. माझं वाचून धाबं दणाणलं. टिळक रोडवरच्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सगळे कागद प्रिंट करायला लावले, जन्माच्या वजनाशी ताडून बघितले, आणि पेन्सिलने आलेखावर तीन ठिपके काढून म्हणाले, "रेघ वर चाललीय. हेच बघायचं असतं." ओळखीचा डॉक्टर आधीच सांगून ठेवणं ही मी देईन ती सगळ्यात उपयोगी सूचना. परदेशात असाल तर तिकडे दत्तक मुलांचे अहवाल वाचणारे वेगळे डॉक्टर असतात, त्यांचा नंबर काढून ठेवा.

पुढचं भराभर झालं. संस्थेत जाऊन भेट, आधी फोस्टर केअर म्हणून, म्हणजे तात्पुरत्या सांभाळासाठी, मूल घरी, मग आदेश. आदेशाचं काम २०२१च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं आहे. संस्था ज्या जिल्ह्यात तिथल्या. जन्मदाखला मात्र नियमात पाच कामाच्या दिवसांत आणि आमच्या हातात चौथ्या आठवड्यात. खिडकीवरच्या गृहस्थांना 'आईचं नाव' या रकान्यात माझं नाव लिहायला पटत नव्हतं. मग नियमावलीचं पान छापून नेलं, पिवळ्या रंगाने रेघ मारून. ते पान अजून पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे.

तेच परदेशातून

अमेरिकेतला नागरिक थेट काराकडे नोंदणी करू शकत नाही. काराने मान्यता दिलेल्या तिकडच्या संस्थेमार्फतच जावं लागतं. तिची होम स्टडी, मग आय-८००ए, मग कागद पोर्टलवर. रेफरल आलं की आय-८००, तात्पुरती मंजुरी, कलम ५चं पत्र, काराची ना हरकत, इथे येऊन जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, दत्तक कराराप्रमाणे झाल्याचं हेगच्या कलम २३चं अनुरूपता प्रमाणपत्र, मुलाचा पासपोर्ट, शेवटी व्हिसा. यातलं बरंच काही नियमाने दिवसांत मोजलेलं आहे, ना हरकतीला दहा दिवस, पासपोर्टला दहा. वेळ खातं ते दोन्ही सरकारांमधलं येणं-जाणं आणि मुळातली वाट. आय-८००ए ची मंजुरी पंधरा महिन्यांची असते, तुमचा ठसा-तपासणीचा कागदही तितकाच टिकतो. वाट बघताना कागद दुधासारखे नासतात आणि मुदत पुन्हा वाढवून घ्यावी लागते.

पैशाचं बोलायचं तर, आम्हाला नोंदणी आणि होम स्टडीचे ६,००० रुपये लागले, संस्थेचा संगोपन निधी हजारांत, पुढच्या भेटींचे थोडे. परदेशी पालकांना नुसता संगोपन निधी ५,००० डॉलर. तिकडच्या संस्थेची फी, अर्जांचे पैसे, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का), दोघांची विमानं ही त्याच्यावर. मूल घरी गेल्यावरच्या समाजसेविकांच्या भेटीही जास्त. आम्हाला दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, त्यांना पहिल्या वर्षी तिमाही आणि दुसऱ्या वर्षी सहामाही.

एका बाबतीत मात्र ही वाट सरस आहे. शेवटचा व्हिसा मिळून मूल विमानतळावर उतरलं की २००० सालच्या तिथल्या कायद्याने ते आपोआप अमेरिकन नागरिक होतं. पुन्हा काही लढायचं नाही.

"मग बहिणीचंच घेऊ"

ही सूचना साताऱ्याहून आली. जाऊबाईंच्या बहिणीला तिसरं होणार होतं, आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. घरचंच मूल, दत्तकहोम करू, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवू, झालं.

पुण्यात राहणाऱ्या हिंदू जोडप्याला १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने हे जमतं, स्वतःचं त्याच लिंगाचं अपत्य नसेल आणि मूल पंधराच्या आत असेल तर. पण मूल परदेशी न्यायचं असेल तर २०२१ पासून या दत्तकपत्रांनाही जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराची ना हरकत लागते. बाल न्याय कायद्यातून नात्यातलं दत्तक घ्यायचं तर मावशी बसते, मामा-काका-आत्या बसतात, आजी-आजोबा बसतात. चुलत-मावस भावंडांची मुलं बसत नाहीत. इथवर ठीक.

अडतं पुन्हा तिकडेच. जन्मदाते दोघंही हयात असतील तर ते मुलाचं नीट पालनपोषण करायला असमर्थ आहेत, हे अमेरिकेला दिसावं लागतं. साताऱ्यात बहिणीचं स्वतःचं घर, नवरा शिक्षक. असमर्थ कुठून दाखवणार? आणि खोटं लिहून पुढे ते कागद त्या पोराच्या हातात पडले तर त्याला काय वाटेल? ही सूचना मी फोनवरच मोडीत काढली. साताऱ्याची मंडळी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलत नव्हती.

मग परतायचं?

तान्हं मूलच हवं असेल तर माझं स्पष्ट मत, भारतीय पासपोर्ट असतानाच परत या, पुण्यात रहा, इथल्या रांगेत लागा. कागदावर नाही, खरोखर. सदाशिव पेठेतल्या मावशीचा पत्ता घालून न्यू जर्सीतून रांगेत उभं राहायचा बेत मी ऐकलाय. होम स्टडीला पहिल्या भेटीत तो उघडा पडतो.

परत येण्याचा हिशोब मात्र मनात पक्का करून या. तीन वर्षांच्या वर वाट, मग पुन्हा अमेरिकेला जायचं असेल तर मुलासोबतची ती दोन वर्षं. दत्तकानंतर दोन वर्षांच्या आत देश बदलला तर तिथल्या भारतीय वकिलातीला किमान दोन आठवडे आधी कळवावंही लागतं. पाच-साडेपाच वर्षं धरा. परत गेलात की ग्रीन कार्डाचं काय होतं, तो वेगळाच प्रश्न.

आणि वय. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००. दीर एकेचाळीस, जाऊ एकोणचाळीस, बेरीज ८०. प्रत्येक गणपतीला ही बेरीज एकने नाही, दोनने वाढते. हे मी बोलले तेव्हा पलीकडे कॉलवर दोघंही गप्प झाले.

पाच-सहा वर्षांचं मूल, किंवा दोन भावंडं, किंवा ज्याला थोडे उपचार लागतील असं मूल घ्यायची मनापासून तयारी असेल तर सगळंच उलटं होतं. मग नागरिकत्व घ्या, मान्यताप्राप्त संस्था धरा, आय-८००च्या सरळ वाटेने जा. रांगेत मागे असण्याचा तोटा तिथे फारसा राहत नाही, कारण त्या मुलांसाठी रांगच छोटी आहे. फक्त एक करू नका. एनआरआय म्हणून नोंदणी करून मधेच अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेऊ नका. मग तुम्ही एनआरआय उरत नाही, आणि ज्या मानाने रांगेत उभे होतात तो मानही उरत नाही. कुठे राहणार आणि कुठल्या पासपोर्टवर, हे पाच वर्षांसाठी ठरवा आणि मगच पोर्टल उघडा.

गेल्या महिन्यात जाऊबाईंनी तिकडच्या एका संस्थेचा प्राथमिक फॉर्म मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सगळं भरलेलं, पगारापासून आजोळच्या आजारांपर्यंत. मुलाच्या वयाच्या रकान्यात '०–२' लिहून खोडलेलं, शेजारी '४–६' लिहून तेही खोडलेलं. खाली निळ्या पेनने बारीक अक्षरात, "वहिनी, तुमची लेक आली तेव्हा रात्री किती दिवस रडायची?" मी त्यावर तासभर बोलले. रकान्याचं कुणीच काढलं नाही.