चकाचक पाटी, गंजका ट्रेलर आणि माझे ५७ दिवस

जुना ट्रेलर घेताना किती पैसे गेले, ती रक्कम लिहीत नाही. घरात फक्त बायकोला माहीत आहे आणि तिलाही मी जरा कमीच सांगितली आहे. पण हिशेब पक्का आहे: ५७ दिवसांचा पगार. त्यातला २३ दिवसांचा विसार म्हणून ऑनलाइन पाठवला आणि उरलेला ३४ दिवसांचा रोख, दोनदा मोजून, त्या माणसाच्या हातात ठेवला. पावती मागितली तर म्हणाला, "पावती कशाला साहेब, कागदच देतोय ना सगळे."

आधी एक सांगतो, मी डोळे मिटून गेलो नव्हतो. माझी गाडी छोटी आहे. ब्रेक नसलेला ट्रेलर लावला तर ती ४५० किलोपर्यंतच ओढू शकते, असं गाडीच्या पुस्तिकेत छापलंय आणि मी ते वाचलं होतं. त्या ४५० मध्ये ट्रेलरचं स्वतःचं वजनही येतं, हेसुद्धा मला ठाऊक होतं. म्हणूनच हलका ट्रेलर शोधत होतो. जाहिरातीत होतं: रिकामं वजन १४०, एकूण क्षमता ७५०. म्हणजे मला ३१० किलो माल नेता आला असता. जुनं कपाट, बागेतला कचरा, चार पोती सिमेंट. यापेक्षा जास्त हाव नव्हती हो.

(७५० हा आकडा बघून हुरळू नका. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला बऱ्याच देशांत तेवढीच कमाल मर्यादा असते, त्यामुळे विकणारा तोच आकडा तोंडावर फेकतो. तो ट्रेलरचा आकडा आहे. तुमच्या गाडीचा वेगळा असतो आणि दोन्हींत जो लहान तोच खरा.)

पुढचं तुम्हाला पाठच असेल. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. विसार आला तरच विकणारा थांबणार होता. घरी पाहुणे होते म्हणून रस्त्यावरच भेटायचं होतं. फोटोत ट्रेलरच्या पाटीवरचा (ओळख आणि वजनमर्यादा छापलेली धातूची पट्टी) क्रमांक पुसट केलेला होता, "गैरवापर होऊ नये म्हणून." मला वाटलं, काय जबाबदार माणूस आहे!

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो, म्हणून सविस्तर लिहितो. दिवस मावळत आला होता. तो ट्रेलर माझ्या हुकाला लावत होता आणि मी मोबाइलचा उजेड पाडून ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडायच्या दांड्याजवळ वाकलो होतो. दांडा गंजून तांबडा झालेला, रंगाचे पापुद्रे नखाने निघत होते. त्यावर ठोकलेली ॲल्युमिनियमची पाटी मात्र नवी कोरी. चारही रिवेट चांदीसारखे चमकत होते. बायको मागून म्हणाली, "अहो, सगळा गंजलाय आणि ही पाटी एवढी चकाचक कशी?" मी काय म्हणालो असेन? "अगं, बदलून घेतली असेल." तिच्यावर जरा खेकसलोच. अजून ती त्यावर काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

पाटीवरचा क्रमांक मी वाचलासुद्धा. मधे इंग्रजी 'ओ' होता. चॅसी क्रमांकात (सांगाड्याचा ओळख क्रमांक) 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. आणि क्रमांक १७ जागांचा असतो, माझा १६ जागांचा निघाला. मोजायला दहा सेकंदं लागतात. मी मोजला, पण दुसऱ्या दिवशी. शिवाय तोच क्रमांक चॅसीच्या लोखंडावरही ठोकलेला असायला हवा. तो कुठेच नव्हता. नुसत्या पाटीवर विश्वास ठेवायचा नसतो, पाटी कुणीही छापतो.

टायर तरी बघायचे होते. प्रत्येकावर भाराचा निर्देशांक ६२. म्हणजे एका टायरला २६५ किलो, दोन्ही मिळून ५३०. टायर ५३० चे आणि पाटी ७५० ची! हे गणित चौथीतल्या पोराला जमतं. बाजूला टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. माझ्या टायरवर ते घासून टाकलेले होते. घासलेले दिसले की तिथूनच मागे फिरा.

घरी येताना वजनकाट्यावर नेला. रिकामा ट्रेलर २४० किलो. म्हणजे माझ्या वाट्याला ३१० नव्हे, २१० किलो माल. घरी बनवलेला जाड पत्र्याचा डबा होता तो. मागच्या बाजूला पत्र्याचे आणखी थर डकवलेले, त्यामुळे सगळं वजन चाकांच्या मागे. कपलरवर (दांड्याचं गाडीच्या हुकात बसणारं टोक) एकूण वजनाच्या निदान पाच टक्के भार यायला हवा, इथे दांडा उलट वर उचलायला बघत होता. ताशी ७० ला शेपटी अशी डोलायला लागली की स्टिअरिंग माझ्या हातात आहे की नाही कळेना.

नोंदणी कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला: कागद अपुरे. दुसऱ्या खेपेला: क्रमांक आमच्याकडे नाही. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "नोंद नसलेला ट्रेलर तुम्ही रस्त्यावर आणलाच कसा?" फसवलं कुणी, दंडाची भाषा कुणाला! पोलिसांकडे गेलो. "हा दिवाणी मामला." मी म्हटलं, चोरीचाही असेल. "क्रमांकच खोटा असेल तर चोरीचा आहे की नाही आम्ही कसं सांगणार?" मग तुम्ही नाही तर कोण सांगणार? बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कुणी चोरलेले नाहीत. २३ दिवसांच्या विसाराबद्दल अर्ज लिहून घेतला, ३४ दिवसांच्या रोख रकमेचं नावही काढू दिलं नाही. अर्जाचा क्रमांक मात्र १४ आकडी दिला. तो बरोबर मोजून घेतला मी.

आणि हो, चाक वर उचलून वरून-खालून धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलंय. माझं गेलं होतं. विकणाऱ्याच्या घरीच जा, त्याच्या नावाचे कागद त्याच्या ओळखपत्राशी ताडून बघा, आणि बायको काही विचारत असेल तर तोंड बंद ठेवून ऐका.

परवा तोच फोटो पुन्हा जाहिरातीत दिसला. तोच गंजका दांडा, तीच पुसट पाटी. तो ट्रेलर माझ्या अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे, मी खिडकीतून दोनदा बघून खात्री केली. किंमत तीन दिवसांच्या पगाराने कमी केलीय. तक्रार केली. रात्री उत्तर आलं: तपासणीत आमच्या नियमांचं कोणतंही उल्लंघन आढळलं नाही.