लिज्जत पापड: चव तर आहेच, पण मागची संस्था जास्त आवडते

लिज्जतचा काळी मिरीवाला उडीद पापड आमच्याकडे कायम असतो, खिचडी असो नाहीतर साधा वरणभात, चिमट्यात धरून गॅसवर भाजला की झालं. मिरी दाताखाली येते, हिंग मागून जाणवतं आणि मुख्य म्हणजे पाकीट कुठूनही आणा, चव तीच. आणि हा पापड हजारो घरांत बायका हातानं लाटतात हो! मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे हे जमतं कसं यातच मला जास्त इंटरेस्ट, म्हणून रिव्ह्यू जरा लांबणार.

१५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, पहिल्या दिवशी फक्त चार पाकिटं झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून कामच थांबलं, तर पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला, पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आज ४५ हजारांच्या आसपास बायका यात आहेत आणि सगळ्या एकमेकींना बहीणच म्हणतात. शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून जमा केलं की लाटण्याचे पैसे. घरात वाळवायला जागा नसेल तर पीठ मळणं, पॅकिंग अशी कामं असतात. मला सगळ्यात पटतं ते हे की लाटणारी प्रत्येक बाई मालकीण आहे, पुरुष पगारावर असतात पण मालक होऊ शकत नाहीत, आणि शाखेची संचालिकाही याच बहिणींमधून येते. म्हणजे वरून सांगणारीनं स्वतः पोळपाटावर हात दुखवून घेतलेले असतात, ती उगाच अशक्य टार्गेट देईल का?

मेयर आणि ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नोकरीतल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले होते, मनापासून ओढ, सोडलं तर नुकसान म्हणून थांबणं आणि कर्तव्य म्हणून थांबणं. आमच्या ऑफिसांमध्ये बहुतेक लोक दुसऱ्या प्रकारात अडकलेले दिसतात, ईएमआय चालू असतो, बॉस ओरडतो, रात्री झोप नाही, आणि मग कंपनी एक दिवस योगा सेशन ठेवते. त्यानं काहीही होत नाही, निर्णयात आपलं म्हणणं आणि नफ्यात आपला वाटा असेल तर माणूस बरा राहतो असं माझं ठाम मत आहे, लिज्जतमध्ये नफा असो की तोटा, तो बहिणींमध्येच वाटला जातो.

एक गोष्ट मात्र खटकते, पैसे वजनावर म्हणजे ताप आला, कंबर धरली, मनगट सुजलं की त्या दिवशीची कमाई गेली. मालकीणपणाचा मान आहे पण पगारी रजा नाही, याचा संस्थेनं विचार करायला हवा, त्यासाठी पाकिटामागे दोन रुपये जास्त गेले तरी मी आनंदानं देईन.

५ पैकी साडेचार. लसूणवालाही चांगला आहे, पण पहिल्यांदा घेणार असाल तर काळी मिरीच घ्या आणि तळू नका, भाजा.